खारीच्या पिल्लांची बाळगुटी

सन एकोणीसशे पंच्याऐंशी. माझं वय तेव्हा बावन्न. बोरिवली पूर्वेला, डोंगराच्या अंगाला, आमची बैठी चाळ होती. वर मंगळुरी कौलं, मागे नाला आणि नाल्याच्या काठावर एक आंब्याचं झाड. झाड कुणी लावलं ठाऊक नाही, पण त्याच्या दोन फांद्या आमच्या पडवीवर यायच्या म्हणून मी ते आमचंच समजत असे. कुणी वाद घातला नाही. घातला असता तरी मी ऐकलं नसतं.

कांदिवलीला औषधांच्या एका कंपनीत मी पॅकिंग खात्यात होतो. मुलगी दहिसरला दिलेली, मुलगा नोकरीसाठी नाशिकला. खोलीत आम्ही दोघंच, मी आणि माझी मंडळी. आम्ही दोघंही मालवणकडचे. पण मी लहानपणी मुंबईला आलो आणि गावची बोली गिरगावातच कुठेतरी सांडली. ती लग्न होऊन आली, तीस वर्षं इथे राहिली, आणि तिच्या जिभेवरचं गाव काही उतरलं नाही.

पाऊस संपला म्हणून मी छत्री पडवीच्या वाशाला दांड्याने अडकवून ठेवली होती. सुकली की आत घेऊ म्हटलं आणि ती तिथेच राहिली. दसरा जवळ आला होता. मी सेकंड शिफ्टला निघालो आणि परतीच्या पावसाने भर दुपारी अंधार केला. छत्रीला हात घातला तर आतून कुणीतरी माझ्यावर खेकसलं. एक खार. शेपटी पिंजलेली, डोळे वटारलेले, चिर्र चिर्र करून मला माझ्याच पडवीतून हाकलत होती. छत्री दांड्याने टांगली की टोक खाली आणि तोंड वर, म्हणजे झाली पिशवीच. त्या पिशवीत तिने काथ्या भरला होता, गोणपाटाचे धागे भरले होते, आणि माझ्या फाटक्या गंजीफ्रॉकची एक पट्टीही नेऊन घातली होती. त्या सगळ्याच्या तळाशी काहीतरी गुलाबी वळवळत होतं.

मी हात काढला, तांदळाचं एक पोतं घेतलं, त्याची खोळ करून डोक्यावर ओढली आणि निघालो.

आतून मंडळी म्हणाली, "अवो, छत्री घेवा."

"छत्रीत बाळंतीण आहे," मी म्हटलं.

"खयची बाळंतीण?"

ती हात पुसत बाहेर येऊन वाकून बघेपर्यंत मी नाक्यावर पोचलो होतो. कंपनीच्या गेटवर वॉचमन हसला. पोतं घेऊन आलात, छत्री मोडली का, नवी घ्या की, असं त्याचं सुरू झालं. माझ्याकडे छत्री आहे, एवढंच त्याला सांगितलं. पुढचे काही दिवस मी पोतं पांघरूनच कामावर गेलो. चाळीतल्या लोकांना वाटलं, म्हातारा चक्रम झाला. वाटू दे.

कोजागिरीच्या आठवड्यात एका दुपारी मंडळीला मागच्या पायरीवर खारीची शेपटी सापडली. नुसती शेपटी. चाळीत एक बोका होता, कुणाचाच नव्हता आणि सगळ्यांकडे जेवायचा. त्याचं काम. बाकी काही उरलं नव्हतं. सकाळपासून छत्रीतून बारीक आवाज येत होता, दार कुरकुरावं तसा.

मी घरी आलो तेव्हा मंडळीने छत्री उतरवून मांडीवर घेतली होती. तीन पिल्लं. बोटाएवढी. डोळे बंद, अंगावर मखमलीसारखी लव नुकती आलेली, आणि पाठीवर त्या तीन रेघा, चुन्यात बोटं बुडवून ओढल्यासारख्या. मी म्हटलं, ठेव परत, असली पिल्लं माणसाच्या हातात जगत नाहीत. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"माझ्या हातात जगतली," ती म्हणाली.

हे ती का म्हणाली ते सांगायला हवं. आमच्या चाळीत आणि पलीकडच्या दोन चाळींत बाळंतीण घरी आली की तान्ह्याला आंघोळ घालायला माझ्या मंडळीला बोलावणं यायचं. ती पाय लांब करून मोरीत बसायची, बाळाला पायांवर घ्यायची, तेल चोळायची, टाळू भरायची, कढत पाण्याने न्हाऊ घालायची, मग ओव्याची धुरी. आणि गुटी. सहाणेवर मुरडशेंग, वेखंड, हळकुंड एकेक उगाळून आईच्या दुधात चाटवायची. मोबदला म्हणजे खण आणि नारळ. तिच्या हातून गेलेली पोरं आता मिशा फुटून नाक्यावर उभी असत आणि ती दिसली की विड्या लपवत. कुठलंही मूल तिच्या हाताखाली दगावलं नव्हतं. ती स्वतः हे कधी बोलली नाही. मी मात्र सगळीकडे सांगायचो. बायकोच्या हाताचा अभिमान असायला लाज कसली?

आमच्या शेजारी नगरकडचं एक कुटुंब राहायचं. त्या घरच्या बाईला मी वहिनी म्हणायचो. त्यांची सून पहिलटकरीण, सातवा महिना सरत आलेला. बाळाला आंघोळ कोण घालणार हे विचारायचीही गरज नव्हती. मधली भिंत म्हणजे नुसत्या फळ्या, त्यामुळे वहिनी इकडचं सगळं ऐकायच्या आणि आम्ही तिकडचं.

तर पिल्लांना मंडळीने गाईच्या दुधात पाणी घालून कापसाच्या वातीने थेंब थेंब पाजायला सुरुवात केली. वातीचे धागे तोंडात अडकतात म्हणाली. मी कंपनीत डोळ्यांच्या औषधाचे बाद झालेले ड्रॉपर सुपरवायझरकडे मागितले. कशाला म्हणून त्याने विचारलं. घरात बाळ आहे, मी म्हटलं. त्याने माझ्या डोक्यावरचे पांढरे केस पाहिले, उठून माझा हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं. मी काही खुलासा केला नाही. ड्रॉपर मिळाले.

औषधाच्या खोक्यात जुनं लुगडं घडी करून घातलं. ऊब हवी म्हणून क्वार्टरच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवल्या. बाटल्या वहिनींच्या नवऱ्याच्या. वहिनींनी त्या स्वतः आणून दिल्या आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की इतक्या वर्षांत ह्यांची बाटली पहिल्यांदा कुणाच्या कामी आली.

मंडळीला घोर होता तो थंडीचा. बाकी मुंबईत थंडी म्हणजे पंखा बंद करणं. पण आमच्याकडे दिवाळी सरली की डोंगरावरून पहाटे असा गारठा उतरायचा की नळाचं पाणी हाताला चावायचं. ती रोज पिल्लांची पोटं बोटाने उघडून बघायची. "थंडी पडाच्या आदी ह्यांच्या अंगार केस येवक होये," म्हणायची. मी म्हणायचो, येतील. जणू केस मी आणणार होतो.

पुढे त्यांची पोटं फुगली. दूध बाधलं असेल. टणक, पखवाजासारखी झाली आणि तिघं सारखी चिरचिरायला लागली. मंडळीने सहाण काढली. तान्ह्या मुलाचं पोट फुगलं तर जे करतात तेच तिने केलं. मुरडशेंग दिली, वेखंड दिलं, हिंगाचं पाणी बेंबीभोवती लावलं. जरा उतार पडला, परत फुगली. दुसऱ्या दिवशी मी फर्स्ट शिफ्टला गेलो. मागे तिन्ही पिल्लं सकाळभर रडत होती. रडून रडून दमतील, दमली की गार पडतील, ह्यांना झोप हवी, असं तिला वाटलं. आणि मूल झोपावं म्हणून आमच्याकडे काय देतात? जायफळ. सहाणेवर एक वेढा, फार तर दीड. माझ्या पोरांनी घेतलंय, चाळीतल्या सगळ्या पोरांनी घेतलंय.

तिने एकच वेढा दिला. तोही पुरता नाही. दुधात कालवून ड्रॉपरने एकेक थेंब.

आता लिंबाएवढंही वजन नसलेल्या जिवाला तेवढा थेंब म्हणजे किती, हा हिशेब तिच्या आईने तिला शिकवला नव्हता, कुणाच्याच आईने कुणाला शिकवला नसेल.

मी चारच्या सुमारास आलो. मंडळी दारात बसली होती. पुढ्यात खोकं, हात मांडीवर उताणे. वहिनी बाजूला उभ्या. पिल्लं आडवी पडलेली, मऊ, गार, तोंडं जराशी उघडी. मी एकाचा पाय उचलला, तो तसाच खाली पडला.

वहिनी हळूच म्हणाल्या, "ताई, सरलं गं त्यांचं. मी नाल्याकडं पुरून येते."

मंडळी बोलली ती आपल्या तळहातांशी बोलली. "माझ्या हातान गेली."

मला कुणाची समजूत घालता येत नाही. कधीच आली नाही. आई गेली तेव्हा भावाला धरून रडता आलं नाही, लोकांना चहा देत फिरलो. मला फक्त नाही म्हणता येतं.

"गेली नाहीत," मी म्हटलं. "मी सांगेन तेव्हा गेली."

"दादा, येड्यागत काय करताय?" वहिनी म्हणाल्या. तोवर मी सदरा काढला होता. तिन्ही पिल्लं उचलून गंजीफ्रॉकच्या आत, पोटाशी ठेवली आणि खाली पडू नयेत म्हणून कमरेला पंचा आवळून बांधला. पडवीत पश्चिमेचं ऊन यायचं. त्या उन्हात पाठ भिंतीला लावून बसलो. पोटावर तीन ओले बोळे ठेवल्यासारखं वाटत होतं. दोन्ही तळवे वरून ठेवले आणि हललो नाही.

त्या संध्याकाळी चाळीच्या आकाशकंदिलाची मीटिंग होती. दरवर्षी मीच बांबू सोलायचो, म्हणून मला बोलावणं आलं. मी येत नाही म्हटलं. मग मीटिंगच माझ्या पडवीत आली. लोकांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं.

एक तरणा रिक्षावाला होता, त्याला राहवलं नाही. "काका, कितवा चाललाय?"

दुसरा म्हणाला, "डोहाळजेवणाला बोलवा हां, विसरू नका."

"तुझ्या आईला विचार, तुझ्या वेळेला डोहाळजेवण तुझ्या बापाने उधारीवर केलं होतं," मी म्हटलं. सगळे हसले, तोही हसला. पण मग वहिनींच्या नवऱ्याने काय झालंय ते त्यांना हळू आवाजात सांगितलं आणि पुढे कुणी थट्टा केली नाही. कंदील चांदणीचा करायचा की विमानाचा यावर वाद झाला. विमान करू म्हणणारे जास्त होते. मी चांदणीच म्हटलं आणि जागचा न हलता, पोट धरून, चांदणीच करायला लावली.

हे सगळं चाललं होतं आणि माझा एक कान घरात होता. आत स्टोव्ह पेटला नव्हता. भांडं वाजलं नव्हतं. माझ्या पडवीत चार माणसं बसली आणि आतून चहा आला नाही, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

ऊन पडवीच्या कडेला गेलं होतं. तेवढ्यात बेंबीच्या वर काहीतरी कोमट ओघळलं. मला वाटलं, घाम. मग वास आला.

"बाहेर ये," मी हाक मारली. आली नाही. "अगं, बाहेर ये. तुझ्या बाळाने माझा गंजीफ्रॉक भिजवलाय."

ती आली. माझी मंडळी म्हणजे रस्त्याने चालताना माझ्यापासून चार पावलं मागे राहणारी बाई. तिने चाळीच्या अख्ख्या मीटिंगसमोर माझ्या गंजीफ्रॉकमध्ये वरून हात घातला. पुरुष माणसं नाल्याकडे बघायला लागली. तिची बोटं एका पिल्लाशी थांबली. त्याने पाय ओढून घेतला, मलाही कळलं. बोटं दुसऱ्याकडे गेली. तिथे जरा वेळ लागला. मग त्यानेही तोंड हलवलं, कातडीला गुदगुली झाली. तिसरं माझ्या बरगडीखाली होतं. तिथे तिची बोटं बराच वेळ राहिली. मग तिने हात काढून पदराखाली घेतला.

दोघांना खोक्यात, बाटल्यांच्या मधे ठेवलं. तिसरं मी पोटाशीच ठेवलं. दिवेलागण झाली. तिने भात केला. मी एका हाताने जेवलो. जेवण झाल्यावर तिने माझ्यासमोर ओंजळ धरली.

"द्या आता."

"थांब जरा."

"तुमी सांगशात तेवा गेली, असा म्हणालात ना?" ती म्हणाली. "मगे सांगा."

मला ते सांगता आलं नाही. पिल्लू काढून तिच्या ओंजळीत ठेवलं. तिने ट्रंक उघडली, बाळंतिणींकडून आलेल्या खणांतला एक कोरा हिरवा खण घेतला, त्यात ते गुंडाळलं आणि मोरीमागच्या कढीपत्त्याखाली स्वतः खड्डा करून पुरलं. मला येऊ दिलं नाही.

परत आली आणि सहाण धुतली, पुसली, गुटीच्या पुरचुंडीसकट फडक्यात बांधली आणि मला पोटमाळ्यावर ट्रंकेच्या मागे ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी वहिनींना म्हणाली की सुनेसाठी दुसरी बाई बघा. वहिनींनी ते मनावर घेतलं नाही. दोन दिवसांचं दुःख, विसरेल, म्हणाल्या. मंडळी फक्त म्हणाली, "माझो हात आता बरो नाय."

आणि त्या दोघांना तिने हात लावायचं बंद केलं.

आता पाजायचं कुणी? मी. माझी बोटं म्हणजे खोकी बांधून बांधून घट्टे पडलेली, पट्टीच्या कडांनी चिरलेली. एका हातात ते बोटभर जनावर, एका हातात ड्रॉपर. मंडळी पलीकडे भिंतीला टेकून बसायची, हात पदराखाली, आणि तोंडाने सगळं करायची.

"तिरपा धरा. नाकात जायत. हळू. तुमचो हात असा काय फावडा?"

"मग तू ये ना."

ती पदर आवळून घ्यायची. मग परत, "पोट पुसा आता. ओल्या फडक्यान. आवस चाटता तशी पुसा."

मी कामावर गेल्यावर वहिनींची सून येऊन पाजायची. तिला मूळची हौस. आठव्या महिन्याचं पोट सावरत खाली बसायची, मंडळी पलीकडून सांगायची, ती तसं करायची. मला एकदा म्हणाली, "मामा, माझ्या बाळाच्या वेळी मला काही जड जाणार नाही बघा, दोन दोन पोरं सांभाळली मी." मोठीला ती ठकी म्हणायची, छोट्याला ठोंब्या. मी नावं ठेवत नाही, पण हाका मारायचो.

दिवाळीत मी पडवीत खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन बसलो. आमच्या दारापासून आंब्यापर्यंत कुणी सुतळी बॉम्ब लावायचा नाही, असं जाहीर केलं. लवंगीला परवानगी दिली. पोरांनी मला जन्माचा शत्रू ठरवला. रिक्षावाला म्हणाला, काका, दिवाळी तुमच्या बापाची आहे का? मी म्हटलं, पडवी आहे. भाऊबीजेच्या सकाळी ठकीने डोळे उघडले. काळे, ओले, मोहरीएवढे. तिने जगात पहिलं काय पाहिलं असेल तर माझं दाढी वाढलेलं तोंड. तरी ती घाबरली नाही. ठोंब्याने दोन दिवसांनी एकच डोळा उघडला, दुसरा सावकाश.

मग जे सुरू झालं त्याला अंत नव्हता. माझ्या अंगावर झाडासारखी चढायची. सदऱ्याच्या दोन कॉलरी कुरतडल्या. विडीचं बंडल फोडून तंबाखू उधळली. मी जेवायला बसलो की ठोंब्या गुडघ्यावर बसून दोन्ही हातांत भाताचं शीत धरून खायचा, एखाद्या भटजीसारखा गंभीर. मी ऑफिसर माणसांना उठून उभा राहिलो नाही कधी, पण तो गुडघ्यावर झोपला की मुतायलासुद्धा उठत नव्हतो.

ठकी मंडळीवर चढायची. तिला काय माहीत काय झालं होतं ते. मंडळी तांदूळ निवडत बसली की ही पाठीवरून खांद्यावर, खांद्यावरून डोक्यावर. मंडळी दोन्ही हात सुपापासून वर उचलून, हवेत धरून, तशीच बसून राहायची. ठकी उतरेपर्यंत. एकदा दूध उतू गेलं तरी हलली नाही. हात मात्र तिला लावला नाही. मी ते बघायचो आणि मला राग यायचा. कुणाचा, ते कळायचं नाही.

थंडी पडली तेव्हा दोघांच्या अंगावर भरगच्च केस होते आणि शेपट्या फुलल्या होत्या. मी छत्री परत वाशाला टांगली, आत काथ्या भरला. दिवसभर आंब्यावर, संध्याकाळी छत्रीत. मग एक दिवस ठोंब्या आला नाही, दोन दिवसांनी ठकीही. आंब्याच्या बेचक्यात काथ्याचा गोळा दिसत होता. सकाळी बोका पायरीवर आला की वरून दोघं मिळून त्याला शिव्या घालायची. मंडळी पदर तोंडाला लावून हसायची. मला वाटलं, झालं, सुटलं.

नव्हतं सुटलं. डिसेंबरात वहिनींच्या सुनेला मुलगा झाला. आठव्या दिवशी म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलातून बाळ घरी आलं. संध्याकाळी वहिनी आमच्याकडे येऊन बसल्या. दुसरी बाई त्यांनी बघितलीच नव्हती. मंडळी ऐकेना. वहिनींनी शपथा घातल्या, मी आवाज चढवला. मी म्हटलं, दोन जगली ती कुणाच्या हातची? ती म्हणाली, तुमच्या पोटाची. वहिनी डोळे पुसत गेल्या. आंघोळ त्या स्वतःच घालणार होत्या, पण त्यांचे गुडघे धरलेले, पाय लांब करून बसताच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी सुट्टी होती. सून आमच्या दारात आली. पहिलटकरीण, डोक्याला फडकं बांधलेलं, तोंड सुकलेलं. मंडळीला म्हणाली, "मामी, तुम्ही हात नका लावू. पलीकडे बसून सांगा. खारीच्या वेळी सांगत होता तसं. मी घालते."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. मंडळी गेली. मी वहिनींच्या पडवीत जाऊन बसलो. मोरीचं दार मधोमध, सगळं दिसत होतं. पोरीने पाय लांब केले, बाळाला पायांवर घेतलं. मंडळी उंबऱ्यावर बसली, हात पदराखाली.

"आदी तेल. कोमट असा ना? मनगटार बघ. आता छाती. सावकाश. तसा नाय, वरसून खाली."

पोरगी करत होती. खारी ठीक होत्या, त्या हातात मावायच्या. हे नऊ दिवसांचं मूल, तेलाने माखलेलं, लाल झालेलं, बेंबीच्या देठापासून ओरडत होतं आणि मासळीसारखं वळत होतं. पोरगी त्याला पालथं करायला गेली.

"मान धर," मंडळी म्हणाली. "मान. मान धर गो."

पोरीचा हात तेलावर घसरला. मुद्दाम घसरला म्हणणारे चाळीत पुढे पुष्कळ निघाले. मी समोर बसलो होतो, मला तसं वाटलं नाही. तिच्या तोंडाचा रंग उडाला होता.

मंडळी कधी उठली ते मला दिसलंच नाही. बाळ तिच्या हातात होतं. एक पंजा मानेखाली, एक कुल्ल्यांखाली. आपण काय करतोय हे तिला कळायच्या आत तिने बूड टेकलं, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, पाय लांब केले आणि बाळाला पायांवर उताणं ठेवलं. मग तिला कळलं. ती थांबली. हात बाळाच्या दोन्ही बाजूंना, जरा वर उचललेले, ठकी डोक्यावर चढली की धरायची तसे.

वहिनी बोलायला गेल्या तर मी त्यांना हाताने गप्प केलं.

बाळाने अंग आवळलं आणि तिच्या लुगड्यावर धार सोडली.

"वायच धीर धर रे मेल्या," मंडळी म्हणाली आणि हात खाली आणले.

मग पाणी पडायला लागलं. कपाळावर आडवा हात धरून, डोळ्यांत न जाऊ देता, तांब्यामागून तांब्या. मूल ओरडलं, मग कुरकुरलं, मग गप्प झालं. तिने त्याला पालथं केलं, पाठ चोळली, टाळू भरली, दुपट्यात बांधून पोरीच्या ओंजळीत दिलं. वहिनींनी जायफळाचं नाव काढलं नाही आणि तिनेही काढलं नाही. गुटी आता डॉक्टरला विचारूनच द्यायची, एवढं ती स्वतःच म्हणाली. धुरी मात्र केली.

घरी आली तेव्हा लुगडं चिंब भिजलेलं होतं. ती म्हणाली, त्यांच्या स्टोव्हवर पाणी नीट तापत नाही, मुलाला गार लागतं. मग म्हणाली की उद्या जरा लवकर जाईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी उठलो, मोरीत बंब पेटवला, पाणी कढत झालं तशी बादली उचलून शेजारच्या दारात नेऊन ठेवली, आणि मग येऊन तिला उठवलं.